देवळीची पऱ्हाटी आणि युरोपची ओळख

युरोप स्वतःची ओळख सांगतो तेव्हा एक जोडी हमखास पुढे येते: आम्ही हिशेबाने वागणारे, पूर्वेकडचे रूढीने वागणारे. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1904-05 साली या समजुतीला भारदस्त शास्त्रीय रूप दिले. पण वऱ्हाड-नागपूरच्या कापूसपट्ट्यात तो समज त्याआधी चाळीस वर्षे सरकारी कागदांत नांदत होता. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीसारख्या कापसाच्या पेठेचा इतिहास नीट पाहिला, तर ही जोडी टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेतले यादवी युद्ध 1861 साली पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांची रुई तुटली. 1862 साली वर्धा जिल्हा वेगळा झाला, 1867 साली देवळीत नगरपालिका आली आणि त्याच वर्षी रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. कापसासाठी खास कमिशनर नेमले गेले, ते रिव्हेट-कार्नॅक. त्यांना हवी होती ‘बनी’, म्हणजे हिंगणघाटच्या नावाने लिव्हरपूलला ठाऊक असलेली तलम, लांब धाग्याची जात. शेतकरी मात्र पुढच्या दशकांत आखूड, जाड्याभरड्या धाग्याच्या कापसाकडे वळत गेला. शेतखात्याच्या भाषेत तो ‘जरी’. अधिकाऱ्यांना यात अडाणीपणा आणि आळस दिसला. आता जिनिंगमधला हिशेब पाहा. बनीचा कापूस रेचला की वजनाच्या जेमतेम पाव भागाहून थोडी अधिक रुई निघे, बाकी सगळी सरकी. जरीची रुई तिसऱ्या भागाहूनही जास्त भरे, शिवाय एकरी पीकही अधिक. तलम धाग्याला मिळणारा जादा भाव ही तूट भरून काढीत नसे. मग बनी पेरायची कुणासाठी? रूढीला चिकटून राहायचे असते, तर शेतकऱ्याने आजोबांची बनीच धरून ठेवली असती.

यावर म्हणता येईल की त्या काळी रुईत पाणी मारणे, भेसळ करणे सर्रास चाले. हे खरेच आहे. मुंबई सरकारला 1863 साली त्यासाठी कायदा करावा लागला. पण वजनावर पैसे मिळतात म्हणून वजन वाढवणे लबाडी असली तरी ती हिशेबातूनच येते, रूढीतून नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सावकाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाला निवड होती कुठे? निवड तोकडीच होती, आणि ते दुःख कमी लेखता येणार नाही. तरीही ज्याच्या डोक्यावर सारा आणि व्याज आहे, त्याला पेरणीआधी एकेक पैसा मोजणे भागच पडते. बाजार युरोपने शिकवला, हेही पूर्ण खरे नाही. रेल्वेच्या कितीतरी आधी या भागाचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरपर्यंत जात होता. उलट खुल्या व्यापाराचा झेंडा मिरवणारे मँचेस्टर स्वतःला हवा तो कापूस पिकावा म्हणून सरकारने हात घालावा, असा आग्रह धरत होते. आणि ज्या जाड्याभरड्या रुईला लँकेशायर नाके मुरडी, ती जर्मनी, बेल्जियम, इटलीच्या गिरण्या खुशाल विकत घेत. पुढे जपाननेही घेतली. देवळीच्या पेठेपुरता युरोपही एकच एक नव्हता.