जाळीआडचा ससाणा

बंदिस्त शिकारी पक्ष्याचें रूप चित्रांत धरून ठेवण्याची हौस कॅमेऱ्याहून पुष्कळ जुनी आहे. १६१९ सालीं इराणच्या शहा अब्बासनें जहांगीर बादशहाकडे एक दुर्मिळ ससाणा धाडला. वाटेंत मांजरानें त्यास जखमी केलें. दरबारीं आल्यावर तो आठवड्याहून अधिक जगला नाहीं. त्याच्या अंगावरील काळ्या खुणांचें सौंदर्य पाहून बादशहानें उस्ताद मन्सूर यास त्याचें चित्र काढण्याची आज्ञा केली. जहांगिरानेंच आपल्या आत्मवृत्तांत ही हकीकत नोंदविली आहे. मोगल चित्रांतील पुष्कळ ससाण्यांच्या पायांतल्या दोऱ्या स्पष्ट दाखविलेल्या असतात. पक्षी पाळलेला आहे, हें पाहणाऱ्यास तत्काळ कळतें.

पुढें छायाचित्रणाचें युग आलें. १८९१ सालीं लंडनचे भिंगकार टॉमस डॉलमायर आणि जर्मनींतील आडोल्फ मीटे यांनीं स्वतंत्रपणें टेलिफोटो भिंग सिद्ध केलें. पुढें बहिर्गोल व मागें अंतर्गोल, अशी त्याची मूळ रचना. तीमुळें दूरची वस्तु मोठी दिसते आणि कॅमेऱ्याची लांबीही आटोपशीर राहते. पिंजऱ्यापुढें ह्या भिंगाचा आणखी एक गुण प्रत्ययास येतो. भिंग जाळीजवळ नेलें, त्याचें छिद्र मोठें ठेवलें आणि पक्षी जाळीपासून बराच आंत बसलेला असला, म्हणजे तारा इतक्या पुसट होतात कीं, छायाचित्रांत त्या उरतच नाहींत. बंदिवान गरुड रानांतल्यासारखा भासतो.

येथेंच प्रामाणिकपणाचा प्रश्न उपस्थित होतो. १९०६ सालीं विल्यम फिन्ले व हर्मन बोल्मन यांनीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत काँडोर नांवाच्या प्रचंड गिधाडाचीं छायाचित्रें घरट्यापाशीं जाऊन घेतलीं. त्याच घरट्यांतील पिलूं फिन्लेनें नेऊन वाढविलें व पुढें न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयास दिलें. १९१० सालीं त्याविषयीं लिहितांना हें पिलूं बंदिवासांतलें आहे, असें त्यानें लेखाच्या शीर्षकांतच सांगितलें.

ह्या एका शब्दाचें मोल पुढें कळलें. १९८७ सालीं रानांतला शेवटचा काँडोर पकडण्यांत आला, तेव्हां जगांत अवघे २७ काँडोर उरले होते आणि ते सर्व पिंजऱ्यांत होते. १९९२ पासून त्यांना पुन्हां रानांत सोडण्यास आरंभ झाला. मधल्या वर्षांतलें एखादें छायाचित्र खुलाशावांचून हातीं पडलें, तर पुढची पिढी म्हणेल, ‘हे पक्षी तेव्हांही सुखानें विहरत होते!’ ज्या संकटांतून ती जात वांचली, त्याचा पुरावाच पुसला जाईल.

म्हणून छायाचित्रकारानें भिंगाच्या बळावर जाळी खुशाल नाहींशी करावी. परंतु चित्राखालच्या ओळींत तिचा उल्लेख अवश्य करावा.