गुलाबाच्या अत्तराचा शोध कोणाचा ?

गुलाबाचें अत्तर नूरजहाननें शोधून काढलें, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. पेशव्यांच्या दरबारांत निरोपाच्या वेळीं अत्तरगुलाब व पानसुपारी देण्याची रीत होती. ज्या द्रव्यास एवढा मान, त्याच्या जन्मकथेची छाननी करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

या प्रश्नीं मुख्य साधन म्हणजे खुद्द जहांगीर बादशहाचें आत्मवृत्त. इ. स. १६१४ च्या सुमाराच्या वृत्तांतांत तो स्पष्ट लिहितो कीं, हा शोध आपल्या कारकीर्दींत नूरजहानच्या आईनें लावला. कढत गुलाबपाणी भांड्यांत ओतलें म्हणजे वर तवंग येई. तो तिनें थोडा थोडा करून जमविला. पुष्कळ गुलाबपाणी निघालें तेव्हांच तवंग भरण्याजोगा झाला. त्याचा एक थेंब तळहातास चोळला तरी सारी सभा दरवळे. बादशहानें तिला मोत्यांचा सर बक्षीस दिला व सलीमा सुलतान बेगमेनें त्या तेलाचें नांव ‘इत्र-इ-जहांगिरी’ ठेविलें. जहांगीर १६०५ सालीं तख्तावर आला व सलीमा बेगम १६१३ च्या आरंभीं वारली. अर्थात् शोधाचा काळ या दोहोंच्या दरम्यानचा ठरतो.

ही हकीकत निव्वळ दरबारी स्तुति नव्हे, हें रसायनशास्त्रावरूनही पटतें. फूल आपला गंध परागवाहक कीटकांस आकर्षिण्यासाठीं निर्माण करतें. पण त्यांतील तेलाचा अंश अत्यल्प असतो. एक किलो तेलास सुमारें तीन ते पांच हजार किलो फुलें लागतात. म्हणूनच थोड्या गुलाबपाण्यावर तवंग नजरेंत भरत नाहीं. या तेलांत सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल इत्यादि सुगंधी द्रव्यांबरोबर गंधहीन मेणचट अंशही असतो. तेल पाण्याहून हलकें असल्यानें तरंगतें व गारव्यानें तो अंश थिजून साय धरते. उलट फेनिल-एथिल अल्कोहोल बव्हंशीं पाण्यांत राहतें, यामुळें तेल काढून घेतल्यावरही गुलाबपाण्याचा सुवास टिकतो. पोलिए यानें १७८८ च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें दिलेली कृतीही याच तत्त्वावरची आहे: गुलाबपाणी रात्रभर उघड्यावर ठेवावें व सकाळीं थिजलेलें अत्तर वरून काढून घ्यावें.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. इटलींतील रावेन्ना येथील वैद्य जेरोनिमो रोस्सी यानें सोळाव्या शतकांतच या तेलाची नोंद केली होती. तेव्हां जगांतील आद्य शोधाचा मान मोगल अंतःपुरास देतां येत नाहीं. परंतु मोगल दरबारांतील शोधाचें श्रेय कोणाचें, याविषयीं संशयास जागा नाहीं. तें १६२१ सालीं वारलेल्या असमत बेगमेचें आहे. मुलीची कीर्ति मोठी झाली व आईचें श्रेय तिच्या खातीं जमा झालें; जांवयानें लिहून ठेविलेली नोंद मात्र आईच्याच बाजूनें साक्ष देते. ती मानणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्य आहे.