कृष्णधवल प्रजासत्ताक

सेन्सॉरशिप उठली की रूपकाची गरज संपते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. पोलंडमधील तोरुन शहरात १९८१ साली उभा राहिलेला ‘रेपुब्लिका’ हा रॉक-समूह आम्हांला या विधानाचा फेरविचार करायला लावतो.

गीतकार-गायक ग्झेगोश चेखोव्स्की हा पोलिश भाषा-साहित्याचा विद्यार्थी. स्वतःला ‘लोकप्रजासत्ताक’ म्हणवणाऱ्या, लष्करी कायद्याखालील देशात ‘प्रजासत्ताक’ हे नाव आणि काळ्या-पांढऱ्या रंगांचा वेश घेऊन हे तरुण मंचावर आले. ‘नोवे सितुआत्स्ये’ हा त्यांचा पहिला अल्बम १९८३चा. १९८६मध्ये समूह फुटला. १९९०मध्ये, सेन्सॉरशिप रद्द झाली त्याच वर्षी, पुन्हा जुळला. २००१च्या डिसेंबरात चेखोव्स्कीचे निधन होईपर्यंत तो गात राहिला.

रूपक ही निव्वळ पळवाट असती, तर १९९०नंतर या गीतांना सांगण्यासारखे काय उरले असते?