आशाताईंचे अनपेक्षित सोबती

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज रॉक-पॉपवाल्यांबद्दल काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण विषय आपल्या घरचाच आहे. आशा भोसले यांनी साठीच्या आसपास आणि त्यानंतर ज्या परक्या मंडळींबरोबर गाणी केली, त्यांचा हा थोडक्यात इतिहास. त्या वेळी आपल्याकडे एक कुजबुज होती, आठवत असेल: 'या वयात हे कशाला?' मला आज त्या कुजबुजीचाच विचार करायचा आहे.

थेरगावात 'कोलॅबरेशन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बजाज आणि कावासाकी १९८० च्या दशकात एकत्र आले, तेव्हापासून तो आपल्या घराघरांत बोलला जातो. अशा प्रत्येक करारात खरा प्रश्न एकच असतो. बाहेरून आलेले सुटे भाग आपण नुसते जोडणार, की ते बनवायला शिकणार? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे गाडी तयार झालेलीच दिसते. पण पहिल्या प्रकारात करार संपला की हातात काही उरत नाही. आशाताईंच्या सहयोगांनाही आपण हाच प्रश्न लावून पाहू.

आधी थोडं मागे जाऊ. १९५७ साली 'आशा' नावाचा चित्रपट आला. त्यात सी. रामचंद्र यांनी रॉक अँड रोलच्या धर्तीवर 'ईना मीना डीका' केलं. एकदा ते किशोरकुमारांनी गायलं आणि एकदा आशाबाईंनी. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्ली नुकताच गाजू लागला होता. म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि दीनानाथांची २३ वर्षांची मुलगी, दोघं मुंबईत बसून रॉकशी ओळख करून घेत होते. आणि त्यांच्यामागे वाद्यं घेऊन कोण बसलं होतं? गोव्याची मंडळी. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला मिळाली होती. आपला संगीतकार चाल पेटीवर सांगायचा, अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक ती व्हायोलिन-ट्रंपेटसाठी कागदावर उतरवायचे. पूर्व-पश्चिम भेट म्हणतात ती महालक्ष्मी-ताडदेवच्या स्टुडिओंत रोज सकाळी दहा वाजता होत होती, बरं का!

त्यामुळे १९९१ मध्ये बॉय जॉर्जच्या 'बो डाऊन मिस्टर'मध्ये आशाताईंचा आवाज आला, तेव्हा चकित लंडनकरांनी व्हावं. आपण का झालो? आपली 'अपेक्षा'च तोकडी होती, दुसरं काय. दीनानाथांची नाट्यपदं, 'जैत रे जैत'मधलं रानातलं गाणं, सुरेश भटांची गझल आणि हेलनच्या नाचामागचा आवाज, हे सगळं एकाच गळ्यातून आलं होतं.

आता आपली कसोटी लावू. सगळेच सहयोग सारखे नाहीत, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. क्रिकेटपटू ब्रेट लीबरोबरचं २००६ मधलं गाणं ही गंमत होती. त्यात वाईट काही नाही, पण ती गंमतच. २००२ मध्ये 'वन जायंट लीप' या प्रकल्पात अमेरिकन रॉक गायक मायकेल स्टाइप आणि आशाताई एका गाण्यात आले. दोन ब्रिटिश संगीतकार जगभर फिरून, जिथला गायक तिथं, आवाज मुद्रित करत आणि मग ते एकावर एक रचत. फळ सुंदर आहे, पण पद्धत जोडकामाची. आणि 'ब्रिमफुल ऑफ आशा', जे १९९८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात तर त्या गायल्याच नाहीत. ते त्यांच्यावरचं गाणं.

याउलट १९९६ चा 'लेगसी' घ्या. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ कॅलिफोर्नियात १९६७ पासून विद्यालय चालवत होते. त्यांच्याकडे १६व्या ते १८व्या शतकांतल्या जुन्या रचनांचा साठा होता. आशाताई तिकडे गेल्या आणि त्या रचना शिकून गायल्या. वय साठीच्या पुढे, नाव जगभर, आणि तरी समोर बसून विद्यार्थिनी व्हायचं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या सहयोगांतला हा सर्वात अनपेक्षित. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पण त्याहून शिष्यत्व मोठं.

२००५ मध्ये बाजू उलटली. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटनं राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला. पंचमदा जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'दम मारो दम', 'चुरा लिया' ही आपलीच गाणी आशाताई सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा गायल्या. पण शिकावं लागलं ते क्रोनोसला! चार तंतुवाद्यांत पंचमचा अख्खा वाद्यमेळ मावेना. म्हणून वादनाचे थर चढवावे लागले, झाकिर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचा चिनी पिपा घ्यावा लागला. पंचमनं पश्चिमेकडून जे घेतलं होतं ते आता मूळ गावी परत निघालं होतं, आणि मूळ गावाला ते नव्यानं समजून घ्यावं लागत होतं.

आपल्याकडे 'स्वत्व टिकवणं' म्हणजे उंबरठा न ओलांडणं असा एक समज आहे. हा इतिहास वेगळं सांगतो. 'लेगसी' ऐका, क्रोनोस ऐका, आवाज ओळखायला क्षणही लागत नाही. स्वत्व कुंपणानं टिकत नाही, रियाजानं टिकतं. ज्याचा रियाज पक्का, त्याला दुसऱ्याच्या अंगणात बसून शिकायची भीती वाटत नाही. म्हणून 'या वयात कशाला' याचं उत्तर सोपं आहे: शिकायचं काही उरलं होतं म्हणून. समोर बसलेल्या निवृत्त मंडळींनी हे वाक्य घरी घेऊन जावं.

घरी गेल्यावर तीन गोष्टी याच क्रमानं ऐका: १९५७ चं 'ईना मीना डीका', मग 'लेगसी', मग क्रोनोस. मधली जवळजवळ पन्नास वर्षं तुम्हाला कानांनी कळतील. माझ्या व्याख्यानाची मग फारशी गरज उरणार नाही.

इथेच थांबतो.