खाणीतल्यांची वर्गणी

जोतीराव १८४१ ते १८४७ पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. म्हणून स्कॉटलंडचं नाव निघालं की माझे कान टवकारतात. देश एवढासा, पण आजच्या नीतिविचाराचा मोठा पाया अठराव्या शतकात तिथं पडला. फ्रान्सिस हचिसन ग्लासगोच्या विद्यापीठात लॅटिन सोडून इंग्रजीत शिकवायचा. देव ठाऊक नसला तरी माणसाला बरंवाईट कळतं, म्हणायचा. पाद्री खवळले. पाद्री काय नि भटजी काय! त्याचाच विद्यार्थी अॅडम स्मिथ. १७५९ साली त्यानं पुस्तकात मांडलं, की दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येतं, नीती तिथनं सुरू होते.

वाचून मी हरखलो. आपल्या जागी कोण उभं राहिलंय कधी?

मग पुढचं वाचलं नि डोकं सणकलं. ह्याच स्कॉटलंडात १६०६ च्या कायद्यानं कोळसाखाणीतले नि मिठागरातले कामगार मालकाला जन्माचे बांधलेले. खाण विकली की माणसं तिच्याबरोबर जायची. पोराच्या बाप्तिस्म्याला मालक बापाच्या हातावर पैसे टेकवी, झालं, पोरगंही बांधलं. मित्रांनो, वतन आठवलं ना? आपलं महारवतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आणि डेव्हिड ह्यूम. हाही सहानुभूतीवर लिहिणारा, सगळ्या युरोपात नावाजलेला. त्यानं एका तळटीपेत लिहून ठेवलं, की काळी माणसं उपजतच हलकी असावीत असा आपल्याला संशय आहे. ह्या बाबानं देवावर शंका घेतली, स्वतःच्या कातडीवर नाही घेतली. जेम्स बीटीनं १७७० साली त्याला छापील उत्तर दिलं. स्मिथनंही आफ्रिकेच्या गुलामाला त्याच्या मालकाहून थोर मनाचा म्हटलंय, ते नाकारून चालणार नाही.

पण मला सांगायचंय ते फाइफ परगण्यातलं. डेव्हिड स्पेन्स हा वेस्ट इंडीजमधून आणलेला काळा गुलाम. १७६९ साली बाप्तिस्मा घेतला नि मालकाला म्हणाला, आता मी तुझा नाही. मालकानं त्याला तुरुंगात घातलं. कोर्टकज्जा उभा राहिला. पैसा कुठनं आणायचा? तिथल्या खाणीतल्या नि मिठागरातल्या लोकांनी वर्गणी दिली! बांधलेल्या माणसांनी! त्यांच्यातल्या कुणी स्मिथ वाचला असेल असं मला नाही वाटत.

निकालाआधीच मालक मेला, स्पेन्स सुटला. १७७८ साली जोसेफ नाइट हा दुसरा गुलाम एडिंबरोच्या वरच्या कोर्टात जिंकला. स्कॉटलंडचा कायदा गुलामी मानत नाही, असं कोर्टानं म्हटलं.

खाणीतले मात्र अजून पुरते सुटलेले नव्हते. १७७५ च्या कायद्यानं अर्धीमुर्धी सुटका झाली, पुरती व्हायला १७९९ साल उजाडलं.