बोरघाट, पाऊस आणि टायटॅनियमची सायकल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: रोड बाइकसाठी टायटॅनियम फ्रेम घ्यावी का? किंमत बघितली तर चांगली सेकंडहँड मोटारसायकल येईल एवढी. त्यामुळे प्रश्न गमतीचा नाही, खिशाचा आहे. उत्तर द्यायला आज आपण थोडा इतिहास बघू आणि तो आपल्याच रस्त्यावर तपासू. रस्ता म्हणजे खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळा, आणि तिथून पुढे मावळातल्या औंढ्याकडे.

आधी घाट

बोरघाट हा कोकण आणि देश जोडणारा जुना मार्ग. घाटातून गाड्या नेता येतील असा रस्ता 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. 1863 मध्ये रेल्वेही घाट चढली. घाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी कथा या भागात सांगतात. त्याचं देऊळ आजही जुन्या रस्त्यावर आहे. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे आपण सायकलवाले अजून या जुन्या रस्त्यानेच जातो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब असतो, तो याच चढामुळे.

आता चढाचं गणित करू. खोपोली ते लोणावळा उंची वाढते साधारण साडेपाचशे मीटर. समजा तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली सगळं मिळून 83 किलो, आणि तुम्ही सलग 200 वॅट ताकद लावताय. घाट चढायला पाऊण तासाच्या आसपास लागेल. चांगल्या स्टीलच्या फ्रेमऐवजी टायटॅनियमची घेतली तर वजन अर्धा किलो कमी होतं असं धरा. अर्धा किलो साडेपाचशे मीटर वर न्यायला लागते सुमारे 2,700 जूल ऊर्जा. त्याला 200 ने भागा. वाचले साडेतेरा सेकंद.

पाऊण तासात साडेतेरा सेकंद! शर्यत जिंकायची असेल तर ते मोलाचे. रविवारी सकाळी चहा-वडापावसाठी लोणावळ्याला जाणाऱ्याला ते कळणारसुद्धा नाहीत. म्हणजे फक्त वजनासाठी टायटॅनियम घेणं हा महागडा सौदा आहे. मग लोक घेतात कशासाठी?

आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू

टायटॅनियम हा दुर्मीळ धातू नाही. 1791 मध्ये विल्यम ग्रेगर या इंग्लंडमधल्या पाद्र्याला कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत तो सापडला. ते खनिज म्हणजे इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. तशीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे. सुट्टीत तिथे गेला असाल तर पायाला चिकटलीही असेल.

अडचण आहे ती वाळूतून धातू काढण्यात. गरम टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखा ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून तो लोखंडासारखा कोळशाच्या भट्टीत गाळता येत नाही. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी 1930 च्या दशकात मार्ग काढला: आधी टायटॅनियमचं क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमबरोबर तापवायचं. त्यातून जो सच्छिद्र गोळा मिळतो त्याला म्हणतात स्पंज. काम घाण्या-घाण्याने होतं, एकेका घाण्याला काही दिवस जातात. धातूच्या किमतीचं मोठं कारण हेच. भारतात स्पंजचा कारखाना केरळात चवरा इथे 2011 मध्ये सुरू झाला, वर्षाला 500 टन क्षमतेचा. तंत्रज्ञान हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेचं, गरज मुख्यतः अंतराळ संशोधनाची. सायकल त्या रांगेत फार मागे.

विमानातून सायकलीत

जगातही आधी विमानं आणि पाणबुड्या, मग सायकल. शीतयुद्धात अमेरिकेने एसआर-71 हे हेरविमान बहुतांश टायटॅनियमचं बनवलं, आणि त्यासाठीचा बराच माल मधल्या कंपन्या उभ्या करून चक्क सोव्हिएत संघातून आणला.

1970 च्या दशकात हा धातू सायकलीत आला. इंग्लंडमध्ये स्पीडवेल कंपनी टायटॅनियमच्या फ्रेम बनवू लागली. स्पेनचा लुइस ओकान्या 1973 ची टूर दि फ्रान्स जिंकला, तेव्हा डोंगरातल्या काही टप्प्यांवर त्याने अशी फ्रेम वापरली होती. पाठोपाठ अमेरिकेत टेलेडाइन टायटन आली. पण तिच्या नळ्या मिश्रधातूच्या नव्हत्या, जवळजवळ शुद्ध टायटॅनियमच्या होत्या. शुद्ध धातूची ताकद कमी. फ्रेम लवचीक निघाल्या, तडे जाण्याबद्दल बदनाम झाल्या आणि काही वर्षांतच बंद पडल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टायटॅनियमची घनता स्टीलच्या साठ टक्क्यांच्या आत, पण ताठपणाही स्टीलच्या साधारण निम्मा. म्हणजे स्टीलच्या मापाची नळी टायटॅनियमची केली तर ती दुप्पट वाकणार. उपाय म्हणजे नळी जाड व्यासाची करायची. आणि धातू? विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी 3 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू आधीच तयार होता. 1986 च्या सुमारास अमेरिकेत मर्लिन आणि लाइटस्पीड या कंपन्या सुरू झाल्या. योग्य मिश्रधातू, मोठ्या व्यासाच्या नळ्या आणि आर्गॉन वायूच्या आडोशात केलेलं वेल्डिंग या तीन गोष्टी जमल्यावर टायटॅनियम फ्रेम खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली.

‘आयुष्यभराची फ्रेम’?

तरी जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास नको. 1997 मध्ये ‘टूर’ या जर्मन मासिकाने नामांकित महागड्या फ्रेम यंत्रावर लावून पुन्हा पुन्हा दाबल्या. शेवटपर्यंत न तडकलेल्या तीन: दोन अ‍ॅल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. स्टीलच्या तडकल्या, टायटॅनियमच्याही तडकल्या. म्हणजे टिकाऊपणा धातूच्या नावात नाही. तो नळीचं माप, जोड आणि कारागिराच्या हातात आहे.

आणि त्या ‘मखमली’ राइडचं काय? मित्राची टायटॅनियम फ्रेम आणि माझी स्टीलची, दोन्ही मी औंढ्याच्या रस्त्यांवर चालवल्या आणि मग चाकं अदलाबदल करून पुन्हा चालवल्या. मऊपणा बहुतेक चाकांबरोबर गेला. जिच्यावर 32 मिलिमीटरचे टायर कमी हवेत, ती मऊ. जिच्यावर 25 चे टायर टणक हवेत, ती खडखडाट. फ्रेमचा फरक होता, पण टायरच्या मानाने थोडा.

स्टीलची बाजूही ऐकाच. 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर करून 18 मार्च 1928 ला परतले, तेव्हाच्या वजनदार सायकलींवर. स्टीलचं मोठं बळ हे की गावातला वेल्डरसुद्धा तुटलेली फ्रेम जोडून तुम्हाला घरी पोहोचवू शकतो. टायटॅनियम तडकला तर तसं नाही. आर्गॉन हवा, स्वच्छता हवी, अनुभवी हात हवा.

मग निकाल काय?

मावळापुरतं बोलायचं तर टायटॅनियमच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे पाऊस. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर स्टीलची फ्रेम आतून गंजते. वरचा रंग झकास दिसतो आणि खाली क्रँकच्या जागी पाणी साचून राहतं. टायटॅनियम गंजत नाही, त्याला रंगही लागत नाही. बारा महिने, पंधरा-वीस वर्षं, भर पावसात चालवणार असाल तर किंमत वसूल होईल. पावसाळ्यात सायकल गॅलरीत झाकून ठेवणार असाल तर चांगलं स्टील घ्या आणि उरलेल्या पैशात भारी टायर घ्या.

घेणारच असाल तर चार गोष्टी बघा. एक, वेल्डचा रंग: चंदेरी किंवा फिका सोनेरी ठीक, निळा-जांभळा दिसला तर वेल्डमध्ये हवा शिरल्याची शंका घ्या, आणि पांढुरकी भुकटी असेल तर फ्रेम परत करा. दोन, निदान 32 चे टायर बसतात का. तीन, अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर अँटी-सीझ पेस्ट लावून बसवा आणि दर पावसाळ्यानंतर काढून बघा, नाहीतर तो आतच घट्ट बसतो. चार, वॉरंटीत तडा गेला तर फ्रेम पाठवायची कुठे आणि खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

साडेतेरा सेकंदांसाठी कर्ज काढू नका, एवढंच सांगेन. तुमची सायकल कोणत्या धातूची आणि किती पावसाळे बघितलेली, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. घाट उतरताना ब्रेक तपासा, हेल्मेट घाला!