नदीपलीकडची शाळा : पेडणे-डिचोलीतील मराठी शिक्षणाची वाटचाल

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या एखाद्या घरी आरतीला गेलात, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. माटोळी बांधताना, नेवऱ्या तळताना, पाहुण्यांना बसायला सांगताना घरातली माणसे कोंकणीत बोलत असतात. टाळ हाती आले की तीच माणसे मराठीत गाऊ लागतात. आजोबांना आरत्या पाठ असतात, नातवालाही असतात, आणि पुस्तक कोणी उघडत नाही. गोव्यात नोकरी-व्यवसायासाठी आलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षी याचे नवल वाटते. पुढे सवय होते आणि प्रश्न विचारायचा राहून जातो : घरी न बोलली जाणारी ही भाषा या लोकांना इतक्या पिढ्या शिकवली कोणी?

याचे उत्तर शोधायला पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांत जावे लागते, आणि तिथे जाताना नदी ओलांडावी लागते. बार्देशातून पेडण्यात शिरताना शापोरा नदी लागते. तिच्या अलीकडचा बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, तर पलीकडचे पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये गेले. नदीच्या दोन काठांत २४५ वर्षांचे अंतर पडले. डिचोलीची गोष्टही अशीच आहे. तिसवाडीतल्या दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले, आणि भाविकांनी लिंग मांडवीपलीकडे डिचोली महालातल्या नार्वे गावी नेले. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. देव जसा नदी ओलांडून वाचला, तशीच भाषाही नदीपलीकडे वाचली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत, काय घडले ते सर्वांना माहीत आहे. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद दी आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी. त्याच राजवटीच्या आरंभीच्या काळात मात्र फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीला आपले ख्रिस्तपुराण मराठीत, ओवीछंदात लिहावेसे वाटले होते. १६१६ मध्ये रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. लोकांच्या मनापर्यंत पोचायचे तर पुराण मराठीतच सांगावे लागेल, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. बोलण्याची भाषा एक आणि पोथीची भाषा दुसरी ही गोमंतकातली रीत तेव्हाही होती.

नवी काबिजाद पोर्तुगिजांच्या हाती आली तोवर त्यांचा जुना जोर ओसरला होता. इथल्या लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत हात घालणार नाही, असे आश्वासन देऊनच त्यांना हे महाल सांभाळावे लागले. त्यामुळे पेडण्याची भगवती जागेवर राहिली आणि गावोगावची देवळेही राहिली. देवळांबरोबर कीर्तन, भजन, दशावतार आणि मोडीतले दफ्तर राहिले. जमाखर्च लिहायला, पोथी वाचायला, सावंतवाडीच्या सोयऱ्याला पत्र धाडायला मराठी लागत होती. बांद्याचे कुलकर्णी असलेले संत सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे या मुलखात घरोघरी गायली गेली. आज पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

या सगळ्यासाठी लिहिता-वाचता येणारे मूल हवे होते, आणि ते तयार करण्याचे काम गावच्या पंतोजीकडे होते. गोव्यात त्याला शेणैमाम म्हणत. त्याची शाळा देवळाच्या मंडपात, अग्रशाळेत नाहीतर एखाद्या बऱ्या घराच्या ओसरीवर भरे. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, बाराखडी घोकायची, पाढे एका सुरात म्हणायचे, मग मोडी आणि हिशेब. शेणैमामाला पगार सरकार देत नसे. कोणी भात देई, कोणी नारळ, कोणी दोन वेळचे जेवण. त्या बदल्यात तो मुलांना शिकवी, बायाबापड्यांची पत्रे लिहून देई आणि श्रावणात पोथी वाची. दसऱ्याला पाट्यांची पूजा होई. शाळेचे सरस्वतीपूजन म्हणजे सगळ्या गावाचा सण, ही गोव्यातली प्रथा तेव्हापासूनची.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. या ओसरीवर सगळ्या गावची मुले बसत नव्हती. कुळा-मुंडकारांची मुले गुरांमागे असत, मुलींना अक्षर क्वचितच मिळे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना पायरीही चढता येत नसे. शाळा गावाची होती खरी, पण गाव म्हणजे तेव्हा मोजकी घरे होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी वारे बदलले. पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड ही संस्था उभी राहिली. मूठ-मूठ गोळा करून शाळा चालवायची ही रीत तिच्या नावातच आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरिक म्हणून वावरता येऊ लागले. पुढच्या काळात मडगाव, फोंडा, पणजी अशा ठिकाणी मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके निघाली. फोंड्याच्या बाजूला दादा वैद्य यांच्यासारख्यांनी या कामात आयुष्य घातले. बा. भ. बोरकरांसारखा कवीही गोव्यात आधी शिक्षक म्हणूनच उभा राहिला.

सरकारी शिक्षणाची वाट मात्र पोर्तुगिजीची होती. नोकरी हवी तर सेगुंद ग्राव करायचे आणि पुढे पणजीचे लिसेंव. पेडण्याच्या मुलाला पणजी दूर होती. तेरेखोल ओलांडली की पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान लागे आणि मराठी शाळा लागे. पेडण्याच्या शेजारच्या शिरोड्यात १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर शिक्षक होते. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारा लेखक आपल्या उमेदीची अठरा वर्षे या सीमेवरच्या एका गावात मुलांना शिकवत होता. त्या काळात भाषा जगवण्याचे काम कोणत्या जागी चालले होते, हे यावरून कळावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिले मुख्यमंत्री म्हणून आलेले दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर हे पेडण्याचे. १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ज्या कामाला सर्वांत वर ठेवले ते प्राथमिक शाळांचे. थोड्याच वर्षांत गोव्याच्या खेड्यापाड्यांत, वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी शाळा उघडल्या. इमारत नसेल तर देवळात, तेही नसेल तर भाड्याच्या खोलीत. शिक्षक कमी पडले तेव्हा ते महाराष्ट्रातून आले, विशेषतः तळकोकणातून आणि कोल्हापूरकडून. ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरलेला, गावात कोणाच्या तरी माडीवर राहणारा मास्तर ही त्या दशकाची ओळखीची आकृती आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या घरांतही अशा गुरुजींची आठवण सांगणारी माणसे भेटतील.

या शाळेने शेणैमामाच्या ओसरीची मोठी उणीव भरून काढली. आता बाकावर भाटकाराचा मुलगा होता आणि मुंडकाराचाही. मुली होत्या. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरले नव्हते, तिथे पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली. भाऊसाहेबांना गोव्याचा सामान्य माणूस अजून का विसरत नाही, याचे एक कारण या पाटीत आहे.

आणि इथेच एक कठीण प्रश्न येतो, ज्यावर गोव्याने पुढे बरीच वर्षे वाद घातला. घरी ‘माका होया’ किंवा ‘म्हाका जाय’ म्हणणारे मूल शाळेत ‘मला पाहिजे’ वाचू लागते. मग त्याची मातृभाषा कोणती? कोंकणीच्या पुनरुज्जीवनाचे जनक मानले जाणारे शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, यांचा जन्म १८७७ मध्ये डिचोलीत झाला. मुंबईत राहून त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिला तिचे घर मिळाले पाहिजे. मुलांसाठी त्यांनी कोंकणी व्याकरणही लिहिले. म्हणजे मराठी शाळा गावोगाव नेणारा माणूस पेडण्याचा आणि कोंकणीचा झेंडा उभारणारा माणूस डिचोलीचा. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांनी गोव्याला हे दोन्ही दिले.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्या वादातली कटुता आता उगाळण्यात अर्थ नाही. पण एक मानले पाहिजे. कोंकणीला नाकारून मराठी मोठी होत नाही, आणि मराठी गेली म्हणून कोंकणी वाचत नाही. चवथीच्या आरतीत दोघी एकाच चौकात बसतात. मुलालाही त्यांत भांडण दिसत नाही.

याच १९८७ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडने माओरी ही अधिकृत भाषा म्हणून मान्य केली. तिथली कथा आपल्याला शिकण्यासारखी आहे. १८६७ च्या कायद्यानंतर माओरी मुलांसाठीच्या शाळा इंग्रजीच्या झाल्या. शाळेत माओरी बोलले म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या, आणि मोठे झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलणे सोडले. १९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला गेले, की आमची भाषा शाळेत शिकवा. पण लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. १९८२ पासून त्यांनी ‘कोहांगा रेओ’ म्हणजे ‘भाषेची घरटी’ सुरू केली. आजी-आजोबा लहानग्यांना घेऊन बसू लागले आणि दिवसभर माओरीतच बोलू, गाऊ, खेळू लागले. मग त्या मुलांसाठी माओरी माध्यमाच्या प्राथमिक शाळा निघाल्या. आज तिथल्या साध्या इंग्रजी शाळेतही कोणीतरी शिक्षक पुढाकार घेऊन माओरी गाणी, अभिवादने आणि कथा सगळ्या वर्गांपर्यंत नेतो. कायदा मागून आला. पुढे होती ती आजी आणि तो शिक्षक.

गोव्यात क्रम उलटा झाला. आधी गाव होते, मग सरकार आले, आणि सरकार आल्यावर गाव हळूहळू बाजूला झाले. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर अनुदान भारतीय भाषांच्या माध्यमालाच देण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट खुली झाली, आणि त्याविरुद्ध मराठी व कोंकणीवाले प्रथमच एका मंचावर आले. आंदोलने झाली, निवडणुका झाल्या. दरम्यान पालकांनी आपला निर्णय केव्हाच घेतला होता. आज पेडणे-डिचोलीच्या कितीतरी वाड्यांवर मराठी शाळेची इमारत धड आहे, छप्पर धड आहे, शिक्षिका मनापासून शिकवते आहे, आणि चार इयत्ता मिळून मुले एका खोलीत मावतात. काही शाळांना कुलूप लागले आहे.

पालकांना दोष देणे सोपे आहे. आपल्यातल्या किती जणांची मुले मराठी शाळेत गेली, हे आधी मोजावे. इंग्रजी हवीच, ती टाळून चालणार नाही. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलासाठीही शेणैमामाची ओसरी बंद व्हायचे कारण नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक शिकवणारा, दहा मुले, गोष्टीची पुस्तके आणि एखादे बालनाट्य इतक्यावर ती पुन्हा भरू शकते. तिला सरकारी अनुदान लागत नाही. मूठ-मूठ गोळा केली तरी पुरते, हे १९०८ मध्ये एकदा सिद्ध झाले आहे. या वेळी मात्र पायरीवरून कोणाला परत पाठवायचे नाही, एवढेच ध्यानात ठेवायचे.

जिथे आरती म्हणायला आज सगळे जमतात, तो मंडपच पूर्वी शाळा होता. विसर्जनानंतर तो उतरवण्याआधी, पुढच्या शनिवारी तिथे मुलांना बोलवायचे का, एवढा विचार कार्यकारिणीने जरूर करावा.